गोरं करून मिळेल

माझ्या लाडक्या दोघांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकटीने मला विचारलं, "आजी, आमच्या भिंतीवरच्या फोटोत तू किती गोरी आहेस! मग काळी कशाने झालीस?" मी तोंड उघडायच्या आत थोरल्याने उत्तर देऊन टाकलं, "अगं, म्हातारं झालं की होतं तसं." मी हसले आणि म्हणाले, "नाशिकचं ऊन, बाळांनो." तुमच्या बाबाने मान डोलावली आणि कॉल संपला.

ते उत्तर खोटं होतं. ज्या बाईने सगळी हयात वर्गात इंग्रजीचे पेपर तपासले, तिला चुकीचं उत्तर तसंच सोडून देता येत नाही. तरीही मी कदाचित सोडलं असतं. पण काल अक्षय्य तृतीया होती, आणि काल पंचवटीत दिंडोरी रस्त्याच्या तोंडाशी एक बोर्ड लागला. तो मी स्वतः खाली उभी राहून, मान मोडेपर्यंत पाहिला. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही! चहा दोनदा उतू गेला. म्हणून आज आंघोळ, पूजा, पेपर असं सगळं बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहायला बसले आहे. मराठीत लिहिते आहे, कारण जे घडलं ते सगळं मराठीत घडलं. अडलं तर आई वाचून दाखवेल.

क्रमाने सांगते. क्रम सोडून मला काही सांगता येत नाही.

तुमच्या भिंतीवरचा तो फोटो माझ्या लग्नाचा नाही. तो लग्नाच्या आधीचा, 'दाखवायचा' फोटो आहे. तेव्हा मुलीची माहिती आणि फोटो पाकिटात घालून मुलाच्या घरी पोस्टाने पाठवत. म्हणजे ती जाहिरातच होती, आणि माल मी होते. मेन रोडवरच्या एका स्टुडिओत माझे वडील मला घेऊन गेले. मी नुकतीच बी. ए. झाले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. फोटो काढून झाल्यावर फोटोग्राफर म्हणाले, "दादा, चेहऱ्याला जरा टच-अप करून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत." त्यांनी मला ते काम दाखवलंसुद्धा. दिव्यासमोर निगेटिव्ह धरायची, भिंग लावायचं आणि टोक काढलेल्या पेन्सिलीने तिच्यावर बारीक बारीक रेघा मारत बसायचं. मला गंमत वाटली ती ही, की निगेटिव्हवर जितकं काळं कराल, तितकं कागदावर गोरं उतरतं.

फोटो आणायला मी एकटीच गेले. पाकिटात सहा प्रती होत्या, सहाही चांदण्यासारख्या. मग त्यांनी खणातून सातवी काढून माझ्या हातावर ठेवली. "ही पेन्सिल लावायच्या आधीची. तुमच्यापाशी असू द्या. पाहुण्यांना मात्र पाकिटातली द्या." मी सातवी प्रत माझ्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात घातली आणि कुणाला सांगितलं नाही.

तुमच्या आजोबांच्या घरचे मला बघायला आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. आजोबांच्या आत्याबाईंनी हातातला फोटो पाहिला, मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे पाहिलं आणि माझ्या आईला विचारलं, "ही धाकटी का? फोटोतली कधी येणार?"

आजोबांना ठसका लागला. आई म्हणाली, "हीच ती." पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, नाहीतर तुम्ही नसता. पण आत्याबाई होत्या तोवर दर दिवाळीला म्हणायच्या, "फोटोने फसवलं हो आम्हाला." सगळे हसायचे. मीही हसायचे.

लग्नानंतर सकाळी शाळा होती. दुपारी मी एका स्थानिक वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात इंग्रजी जाहिराती मराठीत करून द्यायला लागले. मुंबईहून मजकूर यायचा, मी दोन तासांत उतरवून द्यायचे. मी त्या कामात हुशार होते, हे आज मला थोडं लाजतच सांगावं लागतं. इंग्रजीतली बाई स्वयंपाकघरात उभी असायची, तिला मी मराठीतही नेऊन ओट्यापाशीच उभी करायचे. इंग्रजीतले बाबा पेपर वाचायचे, मुलगा खेळण्यातलं विमान उडवायचा आणि मुलगी आईजवळ लहानसं लाटणं घेऊन बसायची. त्यांना मी जागचं हलवलं नाही. गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरातही मीच केली, एकदा नव्हे, कित्येकदा. 'कांती उजळली, स्थळं चालून आली' ही ओळ माझी. ती लिहिताना योग्य शब्द सापडावा म्हणून मी जो शब्दकोश चाळत होते, त्यातच माझी सातवी प्रत होती.

आणि 'आईच्या हातची चव'! ही ओळ मी लोणच्याला दिली, पापडाला दिली, शेवयांना दिली, आणि ज्या गुलाबजामच्या पिठाला कारखान्यात कुणाचा हातच लागत नव्हता, त्यालाही दिली. कुणी काही विचारलं नाही. मलाही काही वाटलं नाही.

आता माझ्या विद्यार्थिनीकडे येते, कारण खरी गोष्ट तिची आणि तिच्या नवऱ्याची आहे.

ती आता पंचेचाळिशीची आहे. शाळेत मागच्या बाकावर बसायची आणि माझी नक्कल करायची. ती मला अजून 'बाई' म्हणते आणि अजून नक्कल करते. तिचं पंचवटीच्या एका बोळात मसाला कांडपाचं दुकान. तुम्ही मसाला पाकिटातून आणता, म्हणून थोडं समजावून सांगते. इथे उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करतात. बायका मिरची, धणे, खोबरं, दगडफूल, लवंग असं सगळं आपापल्या घरून निवडून पिशवीत आणतात. दुकानात ते भाजायचं आणि मग लोखंडी दांड्यांच्या यंत्रात धडाधड कांडायचं. पिशवी ज्या बाईची, ती बाई यंत्राजवळच्या स्टुलावर बसून राहते आणि मसाला हातात पडेपर्यंत जागची उठत नाही. फोन आला तरी तिथेच बोलते, शिंका आल्या तरी तिथेच देते. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळेल ही भीती! त्यामुळे दुकानात ओळखीचा चेहरा फार महत्त्वाचा. परक्या माणसाच्या हाती कुणी पिशवी देत नाही.

माझी विद्यार्थिनी यंत्र चालवते. तीनचाकी टेंपोही तीच चालवते, आणि मार्केटमधून मिरचीची पोती तीच आणते. भाजणं मात्र मागच्या बाजूला, गोणपाटाच्या पडद्याआड. बायका पिशवी द्यायच्या, ती आत घेऊन जायची, थोड्या वेळाने खमंग वासाची परात घेऊन बाहेर यायची. मग बायका म्हणायच्या, "ताई, काय हात आहे तुमचा!" ती नुसती हसायची. मीही वर्षानुवर्षं त्या स्टुलावर बसून हेच म्हणत आले होते.

यंदा पाडव्यानंतर ती घरी आली. दिंडोरी रस्त्याला मोठा गाळा मिळाला होता आणि अक्षय्य तृतीयेला तो उघडायचा होता. जुन्या दुकानावर आधी एक फ्लेक्स लावायचा, म्हणजे नेहमीच्या बायकांना नवी जागा कळेल.

"बाई, तुम्ही जाहिराती लिहायच्या ना? मला एक लिहून द्या. झकास पाहिजे."

मला काय आनंद झाला! किती वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे ओळ मागत होतं. मी चष्मा लावला, पॅड घेतलं आणि मिनिटभरात लिहून दिलं: 'काळा मसाला. आईच्या हातची चव.'

तिने वाचलं. ओठ दाबले. मग तिला हसू आवरेना.

"काय झालं? चुकलं कुठे?"

"बाई, हात माझा नायच हो!"

"म्हणजे?"

"मला भाजता येत नाय. खोबरं जाळते मी. हे भाजतात. पहिल्या दिवसापास्नं हेच भाजतात."

पदवी घेऊन, शाळेत शिकवून, स्टुलावर इतक्या वेळा बसून माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, की पडद्याआड कढईवर माणूस असेल. पोती उचलायला असेल, हिशेबाला असेल, असं वाटायचं. कढईवर बाईच असणार! जाहिराती मी दुसऱ्यांसाठी लिहिल्या, आणि सगळ्यांत आधी मलाच त्या खऱ्या वाटल्या.

मी तशीच तिच्याबरोबर टेंपोत बसून दुकानात गेले. (हो, आजी टेंपोत बसली. पुढच्या सीटवर.) तिने पडदा बाजूला केला. आत धुराने काळवंडलेल्या भिंती, मोठी लोखंडी कढई, आणि तिच्यासमोर पाटावर तिचा नवरा. बनियन, कपाळाला घट्ट बांधलेला रुमाल, हातात झारा. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा खरपूस रंग. देवळा तालुक्यातल्या कांदेवाल्या घरातला धाकटा मुलगा तो. मला बघून धडपडत उठला.

"बाई, तुम्ही इथं कशाला? खोकला येईल तुम्हाला."

"मला बघू द्या," मी म्हटलं.

मग तो भाजत राहिला आणि मी पाहत राहिले. धणे वेगळे, खोबरं वेगळं, दगडफूल अगदी शेवटी, कारण ते क्षणात जळतं. तो कढईकडे फारसं बघतच नव्हता, वासाकडे लक्ष होतं. खोबरं अजून फिकट होतं आणि त्याने कढई उतरवली.

"इतक्यात?"

"रंग आल्यावर उतरवली तर गेलं, बाई. कढई तापलेली असतीय, ती खाली उतरवल्यावरबी भाजतच राहती. तिचं तिला करू द्यायचं."

मी म्हटलं, बोर्डावर तुमचाच फोटो लावू. त्याचा हात थांबला.

"नाय बाई. तेवढं नका. गावाकडं भाऊ काय म्हणतो ठावकंय का? 'बायको टेंपो हाकती अन् हा चुलीम्होरं बसतो.' घरच्यापुरतं ठीक हाय. बोर्डावर गेलं तर लग्नकार्यात तोंड दाखवायला जागा राहायची नाय. हिचा फोटो लावा, हिचा चांगला येतो."

"मी पंधरा वर्षं दुसऱ्याच्या हाताचं कौतुक ऐकून घेते," ती म्हणाली. ती हसत नव्हती. "मला चोरी केल्यासारखं वाटतं. यांना एकदा तरी कुणी म्हटलं पाहिजे ना, की काय हात आहे तुमचा."

"मला ऐकू येतं की पडद्याआडून," तो म्हणाला. "तेवढं बास हाय."

म्हणून माझी जुनी ओळच ठरली, आणि फोटो तिचा.

फ्लेक्सवाल्याकडे आम्ही दोघी गेलो. छोटं दुकान, एसी गारठवून टाकणारा, भिंतीवर नमुने. चाळिशीचा चष्मेवाला माणूस, बोलायला गोड. त्याने आधी कॉम्प्युटरवर एक तयार बाई काढली: गोरीपान, नथ, हिरव्या बांगड्या, हातात पळी, मागे टेबलावर वाट बघणारा नवरा आणि दोन मुलं.

"ही फार चालते. येवल्यापासून इगतपुरीपर्यंत सगळीकडे हीच आहे."

"ही कोण?" माझ्या विद्यार्थिनीने विचारलं.

"कोणी नाही. रेडीमेड आहे."

खरंच, बाहेर पडल्यावर मी बघायला लागले तर जिकडेतिकडे रेडीमेडच माणसं! केशकर्तनालयाच्या काचेवर सोनेरी केसांचे परदेशी तरुण, आणि आत खुर्चीत आपले काळे कुळकुळीत केस कापून घेणारे मखमलाबादचे फुलवाले. बाळाच्या दवाखान्यात निळ्या डोळ्यांचं बाळ. ट्रॅक्टरवर पुरुष, वॉशिंग मशीनजवळ बाई. काळा माणूस दिसलाच तर 'आधी' आणि 'नंतर' मधल्या 'आधी'त. यातली कितीतरी माणसं माझ्याच ओळी बोलत होती.

पण तेव्हा दुकानात मी गप्प होते. माझ्या विद्यार्थिनीने सांगितलं, फोटो माझाच पाहिजे, हातात मसाल्याची परात घेऊन. त्याने फोटो काढला, स्क्रीनवर घेतला आणि एक बटण दाबलं. ती उजळली. परत दाबलं. आणखी उजळली.

"हे काय करता?" मी विचारलं.

"गोरं करून देतो, आजी. फ्री आहे. वाढदिवसाच्या बॅनरवरचे पुढारी असोत की दहावी पास झालेलं पोरगं, सगळ्यांना देतो. आजवर एकाने तक्रार केली नाही."

खरं सांगते, मला ती छान दिसली. मी म्हटलं, "बरं दिसतंय." तीही लाजून म्हणाली, "असू द्या." असं आम्ही दोघींनी मिळून ते पास केलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या दुकानावर फ्लेक्स लागला. सकाळी मी मुद्दाम माझी पिशवी घेऊन जाऊन स्टुलावर बसले, लोक काय म्हणतात ते ऐकायला. तुमची आजी एखाद्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला बसावी तशी!

पहिल्या काकू आल्या, फ्लेक्सकडे पाहिलं आणि पायरीवरच थांबल्या. दहा वर्षांचं गिऱ्हाईक ते.

"ताई, दुकान विकलं का हो?"

"नाही हो काकू, मोठं करतोय."

"मग ही कोण वर?"

"मीच की!"

काकूंनी तिला पाहिलं, वर पाहिलं, परत तिला पाहिलं. "नाही बाई. ही तुमची नणंद असेल." आणि पिशवी छातीशी धरली.

माझ्या कानात आत्याबाईंचा आवाज घुमला. 'फोटोतली कधी येणार?' मी पिशवीत काहीतरी शोधण्याचं नाटक केलं.

दुसऱ्या एक शेजारच्या गल्लीतल्या वहिनी आल्या होत्या. त्या मात्र चेहरा बघतच नव्हत्या. डोळ्यांवर हात धरून त्या परातीकडे बघत होत्या.

"काय गं ताई, यंदा मसाला असा का? धणेपुडीसारखा दिसतोय. कच्चाच भाजला वाटतं."

मी वर पाहिलं. अरे देवा! फ्लेक्सवाल्याच्या बटणाने सगळा फोटोच उजळला होता. माझ्या विद्यार्थिनीबरोबर मसालाही गोरा झाला होता! काळा मसाला, ज्याच्या काळेपणावर त्या माणसाने आयुष्य घातलं, तो वर परातीत फिकट तांबूस, अगदी न भाजताच दळून आणल्यासारखा.

"नाही हो, फोटोत तसा आलाय," माझी विद्यार्थिनी सांगत होती.

"फोटो खोटं कशाला बोलेल? धणे कच्चे राहिलेत. मला आपला पुढच्या गल्लीतून करून आणावा लागणार. नवीन जागेच्या गडबडीत हात बिघडला तुझा."

आणि तेवढ्यात पडदा झटकन बाजूला झाला.

तो झारा हातात घेऊन बाहेर आला होता. बनियनवर, कपाळाला रुमाल, घामाने निथळत, डोळे धुराने लाल. बायका स्टुलावरून अर्ध्या उठल्या.

"कोण म्हणलं कच्चा?"

 तो थेट रस्त्यावर गेला, मान वर करून फ्लेक्स पाहिला. पहिल्यांदाच पाहत होता तो. बायकोचा चेहरा त्याने पाहिला की नाही कुणास ठाऊक. तो फक्त परातीकडे बोट दाखवून ओरडला, "हा माझा मसाला नाय! हा कुणाचा हाय? मी असा भाजत नाय!"

"तुम्ही?" वहिनी म्हणाल्या.

आता काय बोलून बसलो ते त्याला कळलं. तो बायकोकडे बघायला लागला. ती यंत्र बंद करून उभी होती. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या ते यंत्र बंद झालेलं मी पाहिलं नव्हतं. 

"सांगा ना," ती हळूच म्हणाली.

"मीच भाजतो," तो म्हणाला. "दुकान चालू झाल्यापास्नं. हिला येत नाय."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "अगंबाई! म्हणजे इतकी वर्षं आम्ही हिचा हात वाखाणतोय आणि हात तुमचा?"

"आणि ही मेली गुपचूप ऐकून घेतीय!" वहिनी म्हणाल्या.

"तेच तर सांगत होते मी यांना!" माझी विद्यार्थिनी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती म्हणाली मिरचीमुळे. असेलही.

तो आत गेला, घरच्यासाठी कांडून ठेवलेला मूठभर मसाला परातीत घेऊन आला आणि वहिनींसमोर धरला. काळा, तेलाने चमकणारा. वहिनींनी चिमूट घेतली, हुंगली, जिभेवर ठेवली.

"काय हात आहे हो भाऊ तुमचा," त्या म्हणाल्या.

त्याचा झारा या हातातून त्या हातात गेला. मग काकूंनी आपली पिशवी उचलली आणि सरळ त्याच्या हातात दिली. "माझं दगडफूल जाळू नका. आणि तो पडदा असू दे बाजूला. मला बघायचंय."

त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं टेंपोतून फ्लेक्सवाल्याकडे गेलो. मी मध्ये, गिअरच्या दांड्याशी गुडघे आवळून. निघण्याआधी दुकानातच त्या दोघांना मी मसाल्याच्या परातीच्या दोन बाजूंना उभं केलं होतं, त्याला कढईपाशी झारा घेऊन, तिला यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून. तो फोटो फोनवर काढून आणला होता. फ्लेक्सवाल्याचं बोट सवयीने बटणाकडे गेलं. मी ते बोट धरलं. होय, धरलं!

"आजी, निदान भाऊंना तरी थोडं उजळतो. पुरुषांचंही करून घेतात आता."

"अहो, आपल्या पंचवटीचा राम काळा," तिचा नवरा म्हणाला, "तिथं मी कोण गोरा लागून गेलो?"

फ्लेक्सवाला हसला आणि त्याने हात मागे घेतला. "काळा मसाला तर काळाच पाहिजे, खरंय," तो स्वतःशीच म्हणाला. "पण सांगतो, माझ्या दुकानातून असा पहिलाच चाललाय." ओळ मी तिथेच उभ्याने लिहिली. खोडाखोड केली नाही.

'भाजणारे हे, कांडणाऱ्या ह्या. समोर बसा, पाहून घ्या.'

काल तो बोर्ड लागला. इतका मोठा, की सिग्नलला थांबलेले रिक्षावाले वाचत होते! नव्या गाळ्यात पडदाच नाही. कढई पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी. देवळ्याहून तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, भावजय, सगळे आले होते. मला धास्ती होती ती त्याच माणसाची. त्याने बोर्डाखाली उभं राहून कमरेवर हात ठेवले.

"काय रे, आता लुगडं नेसायचं तेवढं राहिलं का?"

 माझी विद्यार्थिनी पुढे सरसावणार होती. मी तिचा हात धरला.

धाकटा खोबरं परतत होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही. "नेसलो असतो दादा, पण पदर कढईत जातो."

आधी हसली ती भावाची बायको. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग उठून म्हणाली, "भाऊजी, दोन किलो माझा करा. अन् यांना बसवा तुमच्याजवळ दिवसभर. चहाचं पाणी ठेवता येत नाय, जरा काही शिकू द्यात." भाऊ "ए, गप" म्हणाला, पण तासाभराने मी पाहिलं तेव्हा तो कढईशेजारी उकिडवा बसला होता आणि विचारत होता, "इतक्यात उतरवली? अजून पांढरं दिसतंय की."

मी घरी आले, चप्पल काढली आणि सरळ शब्दकोशाकडे गेले. आता त्याची बांधणी सुटली आहे, दोऱ्याने बांधून ठेवते. तो माणूस सगळ्या गल्लीसमोर बनियनवर बाहेर येऊ शकतो, तर मला माझ्या नातवंडांसमोर यायला काय झालं? म्हणून तुमच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असं: मी काळी झाले नाही. मी होतेच. भिंतीवरची ती मुलगी मेन रोडवर पेन्सिलीने केलेली आहे. धाकटे, तुझा रंग कुणाकडून आला असं तुझी आई विचारत असते, तो माझ्याकडून आला.

भिंतीवरचा फोटो काढायला मी सांगत नाही. त्याच्या शेजारी एक खिळा ठोका. या पत्राबरोबर कालच्या बोर्डाचा फोटो आहे, आणि मागे पुठ्ठा लावून सातवी प्रत आहे. कोपरे पिवळे पडले आहेत, एका कडेला शब्दकोशाच्या पानाची रेघ उमटली आहे. बाकी चेहरा जसाच्या तसा आहे.